हाताची नोंद

तक्रार आली तेव्हा दिगंबर वडके सकाळचा दुसरा चहा घेत होता. 'ठेवा' या लिलावाच्या संकेतस्थळाकडून आलेला निरोप चार ओळींचा होता. वस्तू: गौरीच्या शाडूच्या मुखवट्यांची जोडी. विक्रेत्याने दिलेलं वर्णन: 'पेणचे आखणीकार कै. नारायण वडके यांनी स्वतः घडवलेली आणि रंगवलेली, सन २००९.' खरेदीदाराचं म्हणणं: वर्णन खोटं आहे. सोबत कंपवाचकाचा अहवाल जोडला होता. उत्तराला सात दिवसांची मुदत.

दिगंबरने अहवाल उघडला. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. 'नोंदणीतील नारायण वडके यांच्या हाताशी जुळणी: नाही.'

त्याने कप खाली ठेवला. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, नावाने त्याने आजवर बऱ्याच वस्तू विकल्या होत्या, आणि शब्दन्‌शब्द खरं वर्णन असलेली ही पहिलीच. हे मुखवटे त्याच्या घरच्या गौरींचे. माडीवरच्या खिडकीपाशी बसून नाना त्यांचे डोळे आखत होते तेव्हा एकोणीस वर्षांचा दिगंबर समोर उभा होता. दोन वर्षांपूर्वी बायको नीला गेल्यापासून घरात गौरी मांडायला कुणी उरलं नव्हतं. पेटीत पडून राहण्यापेक्षा एखाद्या घरात मांडल्या जाव्यात म्हणून त्याने त्या लिलावाला लावल्या होत्या.

पेणमध्ये मूर्ती घडवणारे पुष्कळ. साच्यातून काढणारे, घासणारे, रंग फवारणारे हातही पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी घरातला एकच माणूस करतो. भुवईची कमान, वरच्या पापणीची रेघ, बुबुळ आणि त्यातला पांढरा ठिपका. एवढ्यावर मातीची वस्तू माणसाकडे बघायला लागते. नाना म्हणजे त्या कामातलं मोठं नाव होतं. त्यांच्या शेवटच्या काळातल्या गौरींना तर पुण्या-नागपुराहून मागणी असायची. लोक म्हणत, म्हातारपणी नानांच्या नजरेत काहीतरी उतरलं.

कंपवाचक हे यंत्र मुळात दवाखान्यासाठी बनलं होतं. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सर्वांत निष्णात शल्यविशारदाचा हातही सेकंदाला आठ-दहा वेळा अगदी बारीक थरथरतो. मेंदूकडून स्नायूंना मिळणारे संदेश अखंड धारेसारखे येत नाहीत, ठोक्याठोक्यांनी येतात, आणि स्नायूंचे तंतू आळीपाळीने ओढतात. हाताचं वजन, सांध्यांचा ताठरपणा, मज्जातंतूंचा वेग या सगळ्यांवरून त्या थरथरीचा आकार ठरतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि वयाने बदलला तरी त्याची मूळ ठेवण टिकते. कंपवाताचा आजार लवकर ओळखता यावा म्हणून काही डॉक्टर त्याचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की कुंचला किंवा छिन्नी धरलेला हात ही थरथर वस्तूवर लिहून ठेवतो. रेघेची कड केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी आतबाहेर होते, ते डोळ्यांना दिसत नाही. पण प्रकाशाच्या झोताने रेघेचा पृष्ठभाग मोजला, तर पन्नास वर्षांपूर्वी ती ओढणारा हात पुन्हा थरथरताना दिसतो.

लिलाववाल्यांनी ते यंत्र उचललं नसतं तरच नवल. चार-पाच वर्षांत मोठी उलथापालथ झाली. एका नावाजलेल्या शिल्पकाराच्या निम्म्या मूर्ती त्याच्या मदतनिसांच्या निघाल्या. मग संग्राहकांच्या संघाने हस्तनोंदणी सुरू केली. प्रत्येक कारागिराच्या खात्रीच्या वस्तू वाचायच्या आणि त्याचा हात कायमचा नोंदवून ठेवायचा.

आठ वर्षांपूर्वी नानांच्या नोंदीसाठी त्यांनी दिगंबरला विचारलं होतं. त्याने अकरा मुखवटे सुचवले, सगळे शेवटच्या अकरा हंगामांतले, सगळे गाजलेले. स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की हे नानांनी माझ्यासमोर आखले आहेत.

त्या अकरांपैकी एकावरही नानांनी कुंचला टेकवला नव्हता.

*

नानांचा उजवा हात दगा देऊ लागला ते वर्ष २०२०. आधी पेला हिंदकळायचा, मग जेवताना घास सांडायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घराबाहेर ही गोष्ट कळू द्यायची नाही, असं दिगंबरने ठरवलं. कारखाना नानांच्या नावावर चालत होता आणि आता तो एकटाच कर्ता होता. थोरला भाऊ रमाकांत त्याच्या चार वर्षं आधी महामार्गावर अपघातात गेला होता.

रमाकांतची बायको हेमलता. वाशीची मुलगी, चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. नवरा गेल्यावर ती माहेरी गेली नाही. कारखान्यात रंग कालवायची, आणि दुपारी नाना तिला फुटक्या मुखवट्यांवर आखणी शिकवायचे. त्या वर्षी गौरींच्या ऐंशी जोड्या डोळ्यांवाचून पडल्या होत्या. आवाहनाला बारा दिवस उरले होते. हेमावहिनीने एक मुखवटा घेतला, माडीवर जाऊन आखला आणि आणून नानांसमोर ठेवला. नाना बराच वेळ बघत राहिले. "हाच पाठवा," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी दिगंबरने वहिनीला जिन्यात गाठलं. तो तेव्हा जे बोलला, ते पुढे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. अकरा हंगाम वहिनीने माडीवर दाराआड बसून डोळे काढले आणि खाली नानांच्या नावाचा शिक्का उमटत राहिला. नाना वारले त्या वर्षी तिने एकदाच विचारलं, "एखाद्या जोडीवर माझं नाव घालाल का, भावजी?" दिगंबर म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षाच्या आत ती रोह्याला भावाकडे निघून गेली. कारखाना दोन हंगाम कसाबसा चालला. मग त्याने साचे विकले आणि त्याच जागेत रंगांचं दुकान टाकलं.

*

निवाड्याची पहिली बैठक पडद्यावरच झाली. मध्यस्थ रेहाना तांबोळी पुण्याहून बोलत होती, पस्तिशीची, शांत आवाजाची. खरेदीदार शैलजा बोबडे अकोल्याच्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या.

"मी काही भांडायला नाही बसली," शैलजाबाई म्हणाल्या. "मला फक्त सांगा, तुम्ही असं का लिहिलं?"

"ताई, तुम्हाला शंका का आली ते आधी सांगाल का?" रेहानाने विचारलं. "अहवाल नंतरचा आहे."

शैलजाबाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. वडील गेल्यावर आईला त्यांना हात लावू देत नव्हते. काकू मांडायची, काकू ओटी भरायची. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून बघे. मग माझ्या भावानं पेणहून नवे मुखवटे आणले, नानांच्या हातचे. ते मांडले त्या दिवशी आई मला म्हणाली, शैला, ही धाकटी माझ्याकडे बघते गं. आम्ही हसलो. मग मी आईच्या जागी जाऊन बसली. खरंच बघत होती. समोर उभं राहिलं तर नाही, दारातूनच."

दिगंबरने हातातला कागद उलटा ठेवला.

"आई गेली. मागच्या वर्षी घर बदलताना धाकटी फुटली. मला तोच हात पाहिजे होता. तुम्ही लिहिलं होतं, नानांनी स्वतः आखलेली. तुमची जोडी आली, मी मांडली, दारात जाऊन बसली. दोघीही समोरच बघतात. फार सुंदर आहेत, पण समोरच बघतात. मग मी त्या मशीनवर नेल्या."

रेहानाने सांगितलं, मार्ग दोन आहेत. वर्णन खरं असल्याचा पुरावा विक्रेत्याने द्यायचा, किंवा चूक मान्य करून वस्तू परत घ्यायची. "दुसरं केलंत तर आज संपेल. वर्णनात अनवधानाने चूक झाली, एवढं लिहून द्या."

पुरावा एकच होता आणि तो रोह्याला राहत होता.

"अनवधानाने झालं," दिगंबर म्हणाला.

"म्हणजे हे मुखवटे नारायण वडके यांचे नाहीत, हे मान्य आहे?"

"मान्य आहे."

पडदा बंद झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की वहिनीचं काम आपण नानांना दिलं होतं, ते चोवीस वर्षांपूर्वी. आज नानांचं काम नानांकडून काढून घेतलं. दोन्ही वेळा पुरी दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

*

तो समजत होता तसं ते तिथे संपलं नाही.

नानांची १९७५ ते २०१९ पर्यंतची कामं याआधीही अधूनमधून यंत्रासमोर येत असत. ती नोंदीशी जुळत नसत, पण वयाने हात बदलला असेल म्हणून 'अनिश्चित' असा शेरा मिळून सुटत. आता प्रत्यक्ष मुलानेच एका जोडीबद्दल लिहून दिलं होतं, की ही नानांची नाही. त्या कबुलीने नोंदणीला एक दुसरा हात मिळाला. यंत्राने तो जुन्या सगळ्या अहवालांशी ताडून पाहिला आणि सव्वीस वस्तूंवर तोच हात ओळखला. त्या हाताला नाव हवं होतं. संगणकाने दिलं: 'वडके शैलीचा अज्ञात नक्कलकार.'

दिगंबरला हे कळलं ते गावातल्या वाचनालयात. तिथे दर्शनी भिंतीवर नानांनी १९८८ साली दिलेला सरस्वतीचा उठावाचा फलक होता. लहानपणापासून तो त्याखालून आत जात आला होता. त्या दिवशी भिंतीवर फिकट चौकोन होता.

"रंगकाम काढलंय का?" त्याने ग्रंथपालबाईंना विचारलं.

त्या अवघडल्या. "नाही हो, वडके. तो नानांचा नाही म्हणे. नक्कल आहे. यादीत आलंय. तुमच्याच घरून तसं लिहून गेलंय ना? कमिटीने काढायला सांगितला. आत कपाटामागे ठेवलाय, नेणार असाल तर न्या."

तो फलक त्याने रिक्षातून घरी आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग त्याने अहवाल पुन्हा उघडला. या वेळी तो शेवटच्या ओळीवर थांबला नाही. तुलनेसाठी त्या अकरा मुखवट्यांची नवी वाचनंही जोडलेली होती. आठ वर्षांपूर्वी यंत्र फक्त हात ओळखायचं. आता ते रेघ ओढण्याच्या वेळी हाताची स्थिती कशी होती, हेही सांगत होतं. ताप, थकवा, औषधं. रक्तातली साखर उतरली की थरथर वाढते आणि तिचा आकार ठराविक तऱ्हेने बदलतो.

अकराही मुखवट्यांपुढे एक शेरा सारखाच होता. 'दीर्घकाळ अन्न न घेतलेला हात. बहुधा दहा तासांहून अधिक.'

नाना न्याहारी केल्याशिवाय कुंचल्याला हात लावत नसत. मग ही स्थिती कोणाची, हा प्रश्नच नव्हता. हंगामात वहिनी दिवसभर जेवत नाही, हे दिगंबरला तेव्हाही दिसत होतं. काहीतरी उपास असेल, असं समजून त्याने कधी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं, दरवर्षी महिना-दीड महिना.

तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीने रोह्याला गेला.

*

हेमावहिनी भावाच्या घरामागच्या पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होती. केस बरेच पांढरे झाले होते. बारा वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या दिराला पाहून तिने सूप थोडं बाजूला सरकवलं, एवढंच.

"या भावजी. बसा."

त्याने सगळं सांगितलं. तक्रार, अहवाल, आपली कबुली, वाचनालयातली भिंत. ती सोलत राहिली.

"अकरा कुठले दिले होते तुम्ही?" तिने विचारलं.

तो आठवून सांगू लागला. पुण्याच्या डॉक्टरांची जोडी, त्यातली थोरली. नागपूरची. कोथरूडच्या मंडळाची. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. "नागपूरच्या त्या मुखवट्याची डावी भुवई जरा जाड झालीय," ती मध्येच म्हणाली. "ताप होता मला त्या दिवशी."

"अहवालात आहे ते," दिगंबर म्हणाला. मग थोडं थांबून, "आणखी एक आहे. तुम्ही उपाशी बसायचात."

"हो."

"मला वाटायचं उपास असेल."

"उपासच होता."

"कसला, वहिनी?"

तिने पहिल्यांदा हात थांबवले. "जिन्यात तुम्ही म्हणाला होतात ना. त्याच रात्री मी विचार केला, आपल्या हातून एखाद्या सवाशिणीचं काही वाईट झालं तर? मला तरी काय ठाऊक, खरंच तसं काही असतं का नसतं. म्हटलं, निदान पोटात अन्न नसताना काढावेत, म्हणजे दोष लागला तरी मला लागेल. आता नाही वाटत तसं. तेव्हा वाटायचं."

माफी मागायची असं तो गाडीत घोकत आला होता. आता ते शब्द तोंडातून काढायचीच लाज वाटली.

"एक विचारते," वहिनी म्हणाली. "मशीनने धरलं नसतं तर आला असतात?"

"नसतो."

"बरं झालं खरं सांगितलंत." तिने सूप पुन्हा जवळ ओढलं. "काय हवंय तुम्हाला?"

"तुमच्या हाताचा नमुना. पनवेलला केंद्र आहे. तुमचा हात त्या अकरांशी जुळला, की नोंद तुमच्या नावावर जाईल आणि नानांचं नानांना मिळेल."

"आणि तुम्ही खोटारडे ठराल ना?"

"ठरेन."

ती पुन्हा वाल सोलू लागली. मागच्या वाडीत कुणीतरी पाणी सोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नानाही गप्पच बसले, भावजी," ती शेवटी म्हणाली. "पण त्यांनी मला शिकवलं. त्या वयात, हात उडत असताना, माझं मनगट धरून शिकवलं. तुम्ही नुसतं गप्प बसवलंत. त्यांना नक्कलकार म्हटलेलं मला चालणार नाही. म्हणून येते. तुमच्यासाठी येतेय असं समजू नका."

*

पनवेलच्या केंद्रात तिला शाडूची एक कोरी तबकडी, रंग आणि तीन कुंचले दिले. तिने तिन्ही कुंचले अंगठ्यावर फिरवून पाहिले, एक ठेवला, दोन परत केले. बारा वर्षांत तिने आखणी केली नव्हती. पहिली रेघ ओढण्याआधी ती इतका वेळ थांबली की केंद्रातल्या मुलीने दिगंबरकडे पाहिलं. मग तिने श्वास सोडला आणि वरची पापणी एका दमात ओढली.

हात वयाने मंदावला होता, पण ठेवण तीच. तासाभराने निकाल आला. अकराही मुखवट्यांशी जुळणी पूर्ण.

दुसऱ्या बैठकीला पडद्यावर तिघांऐवजी चौघं होते. दिगंबरने निवेदन वाचून दाखवलं. नानांचा आजार, वहिनीचं काम, त्याची खोटी सही. "घराण्याचं नाव होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी लपवलं," असं त्याने शेवटी लिहिलं होतं. ते वाचताना त्याला जाणवलं, की वहिनी पडद्यातून आपल्याकडे बघते आहे. त्याने कागद खाली ठेवला.

रेहानाने काही तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग शैलजाबाई बोलल्या. दिगंबरशी नाही, सरळ हेमलताशी.

"बाई, एक विचारू? तुम्ही कुठं बसून काढायच्या डोळे?"

"माडीवर. दाराच्या आड. खाली गिऱ्हाईक आलं तर मी दिसू नये म्हणून."

"आमची धाकटी दारातल्याकडे बघायची."

"मुद्दाम काढायचे तशी," वहिनी म्हणाली. "दोन्ही बुबुळं जवभर डावीकडे. नानांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, चुकलंय. मग म्हणाले, राहू दे. पूजा करणारीकडे सगळेच बघतात. मला वाटायचं, एकीने तरी दुसरीकडे बघावं."

शैलजाबाईंनी मान हलवली. "मला एक धाकटी काढून द्याल?" त्यांनी विचारलं.

"देईन. खाली माझं नाव घालीन, चालेल का?"

"नाव असल्याशिवाय घेणारच नाही मी."

निवाडा चार दिवसांनी आला. लिलावातल्या जोडीचं वर्णन खरं होतं, म्हणून तक्रार फेटाळली. नोंदणीतली खोटी सही मात्र दिगंबरची होती, म्हणून त्याला यापुढे कुणाच्याही हाताची ग्वाही देण्यास कायमची मनाई. अकरा मुखवट्यांची नोंद हेमलता वडके या नावावर. 'अज्ञात नक्कलकार' हे नाव पुसून तिथे नारायण वडके. शैलजाबाईंनी नानांची जोडी परत केली नाही. एका घरात दोन्ही हात राहू देत, असं त्यांनी कळवलं.

बैठक संपवताना रेहानाने आणखी एक सांगितलं होतं. "हेमलताताई, हा निवाडा वस्तूचा होता. तुमच्यावर झालेल्या अन्यायाचा नव्हता. तुमचं नाव दडपल्याबद्दल तुम्हाला वडके यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार करता येते. नव्वद दिवसांची मुदत आहे."

"विचार करते," वहिनी म्हणाली होती.

*

ते नव्वद दिवस दिगंबरने कसे काढले, हे सांगण्यासारखं फारसं नाही. दुकान उघडलं, बंद केलं. बातमी पसरली तशी माणसं येऊन गेली. एका घरातून निरोप आला, की आधी कळलं असतं तर तुमच्या गौरी मांडल्याच नसत्या. ज्या शब्दांत तो आला, ते शब्द दिगंबरला चांगले ओळखीचे होते. दुसऱ्या एका घरातून हेमलता वडके यांचा पत्ता मागितला गेला. मग तसे पत्ते मागणारे वाढत गेले. वाचनालयाने सरस्वती परत नेली. फलक पुन्हा वर चढला तेव्हा कमिटीने त्याला नारळ फोडायला बोलावलं. तो गेला नाही.

गौरी आल्या आणि गेल्या. वहिनीचा काहीच निरोप नव्हता. ती तक्रार करणार नाही, असं कधी वाटायचं आणि त्याला हायसं व्हायचं. मग त्या हायसं वाटण्याचीच किळस यायची. तिने आपल्याला सोडून द्यावं अशी अपेक्षा अजूनही आपण धरतो, तेवढ्यासाठीसुद्धा तिनेच आपल्यावर उपकार करायचे.

सत्त्याऐंशीव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"भावजी, मी तक्रार घातली आज," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याकडून कळण्याआधी मी सांगावं म्हटलं."

तो खुर्चीत बसला. भीती वाटेल असं त्याला इतके दिवस वाटत होतं. वाटलं ते वेगळंच. कित्येक वर्षं अंगावर बसलेलं कुणीतरी उठून समोर उभं राहावं आणि त्याचा चेहरा दिसावा, तसं.

"बरं केलंत," तो म्हणाला.

"बरं की वाईट ते पुढे कळेल. एक अडचण आहे. साक्षीदार लागतो म्हणे, त्या वेळी घरात असलेला. नाना नाहीत, हे नाहीत, तुमची नीला नाही."

"मी आहे."

"तेच. तुमचं नाव घातलंय मी."

दिगंबरने गल्ल्यामागून कोरा कागद ओढला. "माझ्याच विरुद्ध साक्ष."

"जमेल का?"

"जमेल."

"आणि त्या दिवशी पडद्यावर वाचलंत तसं नको. लोक काय म्हणतील वगैरे." तिचा आवाज चढला नव्हता. "जिन्यात तुम्ही काय म्हणालात ते लिहा. माझ्या तोंडून ते त्यांना खोटं वाटेल. तुम्ही लिहिलंत तर वाटणार नाही."

"मी बोललो तसंच?"

"शब्दन्‌शब्द. मी थांबते फोनवर. लिहून झालं की वाचून दाखवा."

दुकानात एक गिऱ्हाईक रंगाचा डबा उचलून किंमत विचारत होतं. दिगंबरने त्याला हाताने थांबायला सांगितलं, वर तारीख घातली, सन २०२० लिहिलं, आणि खाली पहिल्याच ओळीत ते वाक्य लिहिलं: गौरीचे डोळे विधवेने काढले हे कळलं, तर लोक मुखवटे आपल्या दारात आणून फोडतील.

मग त्याने ते मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईक वळून बघू लागलं.

"पुढे," फोनवर वहिनी म्हणाली.